घरातल्या एका कॉम्प्युटरचं फोल्डर दुसऱ्यावर उघडत नाहीये? एकेक करून असं बघा

आमचं घर इंदूरात, लोकमान्य नगरला. खाली काका-काकू राहतात, वर आम्ही. काकांच्या डेस्कटॉपवर घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेत, आजोबांच्या वेळचे, लग्नामुंजीचे, गणपतीचे, आणि कॅसेटींवरून उतरवलेली भजनं वेगळी, सगळं मिळून ३०० जीबीच्या आसपास. पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतर करायचा कंटाळा आला म्हणून ते फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं आणि मग ते वरच्या लॅपटॉपवर उघडत का नाही हे शोधण्यात माझे तीन रविवार गेले. त्यानंतर आत्याकडे तोच प्रॉब्लेम आला, मग वहिनीच्या माहेरी आला. दर ठिकाणी कारण वेगळं निघालं पण शोधायची वाट तीच होती, ती इथे लिहितोय. ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणून जाणकारांना काही गोष्टी फार बेसिक वाटतील. आणि हे विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "कॉम्प्युटर दिसत नाही" आणि "फोल्डर उघडत नाही" हे दोन वेगळे आजार आहेत. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे नेटवर्कवर क्लिक केलं आणि तिथे दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव आलं नाही म्हणजे शेअरिंग बिघडलंय असं नाही, पुष्कळदा नाव येत नाही तरी फोल्डर छान उघडतं, आणि उलटं, नाव दिसतं पण क्लिक केलं की पासवर्ड मागत बसतं. मी पहिले दोन रविवार नाव दिसावं म्हणून झटत होतो आणि खरी भानगड भलतीकडेच होती. सेटिंगला हात लावायच्या आधी आपला आजार कुठला ते ठरवा, नाहीतर दहा सेटिंग बदलता आणि मग मूळचं काय होतं तेही आठवत नाही. एक कागद घ्या, जे बदलाल ते लिहीत जा.

सोयीसाठी ज्या कॉम्प्युटरवर फाइली आहेत त्याला "देणारा" म्हणतो आणि जिथून उघडायच्या आहेत त्याला "घेणारा".

पायरी १: देणारा जागा आहे का

हास्यास्पद वाटेल पण आत्याकडे हेच होतं. तिचा कॉम्प्युटर थोडा वेळ कुणी हात लावला नाही की स्लीपमध्ये जायचा आणि आत्या वरच्या खोलीतून म्हणायची, "अरे सकाळी तर चालून राहिलं होतं." झोपलेला कॉम्प्युटर फाइल देत नाही. सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर इथे जाऊन प्लगला लावलेलं असताना स्लीप "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तर चालते.

पायरी २: दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का

दोन्ही कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग असं सलग टाइप करून एंटर मारा. त्यात आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस अशी ओळ येते, तोच त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, ती दोन्हीकडची कागदावर उतरवा. घरगुती राऊटरवर ती बहुतेक १९२.१६८ ने सुरू होते. पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे पाहिजेत, शेवटचा वेगळा. म्हणजे १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.२० ठीक, पण १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.०.२० असेल तर थांबा, पुढचं काही करू नका, कारण तुमचे दोन कॉम्प्युटर दोन वेगळ्या नेटवर्कवर आहेत.

हे आमच्याकडे झालेलं. जुन्या घराच्या जाड भिंती, खालचं वायफाय वर पोचेना, म्हणून मी आणखी एक राऊटर आणून वर लावला. खालच्या फायबरवाल्या डब्यातून केबल आणली आणि नव्या राऊटरच्या मागे वेगळ्या रंगाचं जे भोक असतं, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं, त्यात खोचली, कारण कागदावर तसंच चित्र होतं. इंटरनेट दोन्ही मजल्यांवर फर्स्ट क्लास चालायचं त्यामुळे तिथे काही चुकलं असेल असा संशयच येईना. पण तसं लावलं की दुसरा राऊटर आपलं वेगळं नेटवर्क बनवतो आणि खालच्याला वरचं काही दिसत नाही. उपाय सोपा आहे, दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असा ऑप्शन असतो तो निवडायचा. तो नसेल तर दुसऱ्या राऊटरमधलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याशी टक्कर होणार नाही असा ठेवायचा आणि केबल वॅनमधून काढून साध्या लॅनच्या भोकात घालायची. त्यानंतर दोन्ही मजले एकच नेटवर्क.

आणखी तीन गोष्टी ह्याच पायरीत येतात. अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, केबल किंवा वायफाय आधी नीट करा. एक जण गेस्ट वायफायवर असेल तरी जमणार नाही, गेस्ट नेटवर्क बनवलेलंच असतं पाहुण्याला घरातली बाकी उपकरणं दिसू नयेत म्हणून. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तो बंद करून बघा.

पायरी ३: हाक पोचते का

घेणाऱ्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, मग स्पेस देऊन देणाऱ्याचा पत्ता टाका. चार रिप्लाय आले तर छान. नाही आले तर लगेच निराश होऊ नका, विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी, पिंग अडवू शकतो. खरी परीक्षा पोर्ट ४४५ ची. विंडोजचं फाइल शेअरिंग एसएमबी नावाच्या पद्धतीने चालतं आणि ते ४४५ नंबरच्या दारावर ऐकतं. घेणाऱ्यावरच स्टार्टमधून पॉवरशेल (कमांड टाइप करायची दुसरी खिडकी) उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन, स्पेस, देणाऱ्याचा पत्ता, स्पेस, हायफन लावून पोर्ट, स्पेस, ४४५ असं टाका. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर दार उघडं आहे, सरळ पायरी ५ वर जा. फॉल्स आलं तर पायरी ४.

ही एक कमांड मला आधी कुणी सांगितली असती तर माझे दोन रविवार वाचले असते, म्हणून म्हणतो ही सोडू नका.

पायरी ४: पब्लिक की प्रायव्हेट

देणाऱ्यावर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, आपलं वायफाय किंवा इथरनेट जे असेल त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे नेटवर्क प्रोफाइल पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोन पर्याय असतात. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशन, कॅफे, अशी अनोळखी जागा, तिथे विंडोज आपली दारं लावून बसतं. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा. आणि लक्षात ठेवा, राऊटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते परत पब्लिक होऊन बसतं, त्यामुळे "काल चालत होतं, कनेक्शन बदललं आणि बंद पडलं" असं कुणी म्हटलं की मी पहिले हेच बघतो.

मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत आहे, १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमधून जाता येतं. प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही ऑन. एवढं करून घेणाऱ्यावर परत पॉवरशेलमध्ये ४४५ तपासा. तरी फॉल्स असेल तर दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकलेला आहे का बघा, त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो आणि त्यातही घरच्या नेटवर्कला विश्वासाचं म्हणून सांगावं लागतं.

फायरवॉल पूर्ण बंद करा असा सल्ला ओळखीतला कुणी ना कुणी देतोच. मी करू देत नाही. दोन मिनिटांसाठी बंद करून कारण कळतं हे खरं पण मग तो तसाच राहून जातो, मी दोन घरांत महिनोन्‌महिने बंद राहिलेला बघितलाय. आणि राऊटरमध्ये जाऊन ४४५ बाहेरच्या जगासाठी उघडायचा विचार तर मनातही आणू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं, फाइली अडकवून खंडणी मागणारं व्हायरस जगभर पसरलं ते ह्याच एसएमबीच्या जुन्या वर्जनमधल्या भोकातून.

पायरी ५: नावाने नको, पत्त्याने जा

आता घेणाऱ्यावर विंडोजचं बटण आणि आर दाबा, जी छोटी खिडकी येईल त्यात दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच देणाऱ्याचा पत्ता टाका, असं: \\१९२.१६८.१.२० आणि एंटर.

इथून दोन फाटे फुटतात. फोल्डर दिसलं किंवा पासवर्ड मागितला तर नेटवर्क ठणठणीत आहे. नेटवर्कमध्ये नाव दिसत नव्हतं तो फक्त नावाचा आजार. त्यासाठी देणाऱ्यावर स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन आणि फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट अशा दोन सर्व्हिस आहेत, पहिली आपलं नाव नेटवर्कवर जाहीर करते. दोन्हींचा स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा आणि दोन्ही कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. तरी नाव आलं नाही तर माझं मत असं की सोडून द्या, पत्ता टाकून जे फोल्डर उघडतं त्यावर राइट क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह करा, झेड ड्राइव्ह म्हणून कायमचं दिसेल, काकूला सुद्धा सापडेल. जुन्या लेखांत होमग्रुप बनवा असं सांगितलेलं दिसतं, तिकडे जाऊ नका, ते विंडोज १० मधून २०१८ मध्येच काढून टाकलंय.

दुसरा फाटा, एरर आला. ०एक्स८००७००३५ म्हणजे वाटच सापडली नाही, परत पायरी २ ते ४. ०एक्स८००७०००५ किंवा अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणजे वाट सापडली, दारही उघडलं, पण आत घेत नाहीये. ते पुढच्या दोन पायऱ्यांत.

पायरी ६: पासवर्ड

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. आमच्याकडचं सांगतो. युजरनेम आणि पासवर्ड मागणारी खिडकी आली, काका शेजारी खुर्ची ओढून बसले, त्यांनी चष्मा लावला आणि रोज कॉम्प्युटर उघडताना टाकतात तो चार आकडी नंबर टाकला. चूक. परत टाकला, एकेक बटण सावकाश दाबून, तोंडाने आकडे म्हणत. चूक. "अरे माझाच कॉम्प्युटर, माझाच नंबर, मग घेऊन का नाही राहिला?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्या दिवशी मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

उत्तर असं: तो नंबर म्हणजे पिन, आणि पिन फक्त त्या एका मशीनसमोर बसून उघडण्यापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. नेटवर्कला अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर ईमेल आणि त्याचा पासवर्ड, जो बहुतेकांना आठवत नाही. आणि ज्या लोकल अकाउंटला पासवर्डच ठेवलेला नाही, त्याने नेटवर्कवरून आत जाता येत नाही, विंडोज रिकामा पासवर्ड बाहेरून स्वीकारत नाही.

मी आता सगळीकडे एकच करतो. देणाऱ्यावर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळा लोकल युजर बनवतो. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट, तिथे ईमेल विचारेल तेव्हा "माझ्याकडे ह्या माणसाची माहिती नाही" अशा अर्थाची लिंक निवडायची, मग "मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर" निवडायचं. नाव साधं द्या, इंग्रजीत, स्पेस नको, समजा घर, आणि पासवर्ड बरा ठेवा. घेणाऱ्यावर युजरनेम टाकताना आधी देणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ, मग युजरचं नाव. रिमेंबर माय क्रेडेन्शियल्सवर टिक करा म्हणजे रोज विचारणार नाही.

पण ह्या टिकचीच एक दुसरी बाजू आहे. आधी कधी चुकीचं किंवा जुनं नाव सेव्ह झालं असेल तर विंडोज न विचारता तेच वापरत राहतं आणि तुम्हाला वाटतं की आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये देणाऱ्याच्या नावाची किंवा पत्त्याची नोंद असेल ती काढून टाका, लॉगआउट करून परत या.

पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून मोकळं व्हा असं पुष्कळ जण सांगतात. घरातल्या वायफायचा पासवर्ड शेजारच्या पोरांना, क्लासच्या मुलांना, कुणाकुणाला दिलेला असतो, मग आजीआजोबांचे फोटो कुणीही पुसू शकेल असं कशाला ठेवायचं? शिवाय नवीन विंडोज ११ प्रो, २४एच२ वर्जनपासून, बिनपासवर्डाच्या गेस्ट शेअरला स्वतःहून नाही म्हणतं, त्यामुळे ती पळवाट तशीही फार दिवस कामाची नाही.

पायरी ७: परवानगी

देणाऱ्यावर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब. तिथे दोन बटणं आहेत, साधं शेअर आणि अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग. नवख्यांनी साधं शेअर दाबावं, त्यात वर बनवलेला युजर निवडावा, फक्त बघायचं असेल तर रीड आणि बदलायचंही असेल तर रीड/राइट. कारण असं की परवानग्या दोन जागी असतात, एक शेअरची आणि एक डिस्कवरच्या फोल्डरची, जी सिक्युरिटी टॅबमध्ये दिसते, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागू होते. साधं बटण दोन्ही जागी काम करतं. अ‍ॅडव्हान्स्डवाल्यात फक्त शेअरची बदलते, मग तुम्ही सगळ्यांना पूर्ण परवानगी देऊन बसता आणि तरी अ‍ॅक्सेस डिनाइड.

माझा तिसरा रविवार एका विचित्र गोष्टीत गेला. फोल्डर उघडलं, पाचशे फोटो दिसले, त्यातले बरेचसे उघडत होते आणि मुंजीचे सगळे उघडत नव्हते. तेच फोल्डर, तोच युजर. शेवटी कळलं की मुंजीचे फोटो काकांनी आपल्या पिक्चर्समधून कट करून इथे पेस्ट केले होते. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फाइल आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते, आणि जुन्या परवानगीत तर फक्त काका होते. कॉपी केलं असतं तर नव्या फोल्डरच्या लागल्या असत्या. असं झालं असेल तर शेअर केलेल्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, खाली एक टिक आहे, आतल्या सगळ्यांच्या परवानग्या ह्या फोल्डरप्रमाणे बदला अशा अर्थाची, ती लावून ओके. खूप फाइली असतील तर वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. आणि हे फक्त आपण बनवलेल्या फोल्डरवर करायचं, अख्ख्या सी ड्राइव्हवर कधीच नाही.

इतकं करूनही अडलं तर

राऊटरच्या मागे यूएसबी डिस्क लावून शेअर केली असेल किंवा जुना मीडिया प्लेअर असेल, तर त्याला फक्त एसएमबी १ येत असण्याची शक्यता आहे आणि नव्या विंडोजमध्ये ते चालू नसतं. विंडोज फीचर्समधून चालू करता येतं पण मी करत नाही, वॉनाक्रायचं भोक त्याच्यातलंच. ती डिस्क काढून एखाद्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथून शेअर करा.

दुसरं, वहिनीच्या माहेरी दोन कॉम्प्युटर एकाच दुकानातून आणलेले, एकावर विंडोज टाकून त्याचीच कॉपी दुसऱ्यावर मारलेली. बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेईना. अशा कॉपीत दोन्ही मशीनचा आतला ओळख नंबर सारखाच राहतो, आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अपडेटपासून विंडोज ११ अशा सारख्या नंबरांना एकमेकांत लॉगिन करू देत नाही. एकावर नव्याने विंडोज टाकलं, सुटलं.

फोनवर बघायचं असेल तर व्हीएलसी टाका, त्यात लोकल नेटवर्कमध्ये शेअर दिसतात, नाव-पासवर्ड पायरी ६ मधलाच. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन, दोन सरळ तिरप्या रेघा आणि पत्ता.

उघडतंय पण गोगलगाईसारखं

केबलने जोडलेलं असेल तर सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड बघा. १००० (मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) पाहिजे तिथे १०० दिसत असेल तर बहुधा केबलची गडबड. १०० वर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर काही जात नाही, १००० वर ११० पर्यंत जातं. आमच्या ३०० जीबीला पहिल्या हिशोबाने साडेसात तास आणि दुसऱ्याने, डिस्क तेवढी वेगवान असेल तर, पाऊण तास. केबलच्या आत आठ तारा असतात, १०० ला चारच पुरतात, १००० ला आठही लागतात, त्यामुळे एखादी तार तुटली तरी इंटरनेट चालत राहतं आणि कुणाला कळत नाही. आमच्या जिन्यातल्या केबलचं प्लग उजेडात धरून बघितलं तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, प्लास्टिकच्या आत अलीकडेच थांबलेली साफ दिसत होती. सिल्व्हर मॉलमधून कॅट ६ ची तयार केबल आणली आणि लावल्या क्षणी १००० दिसलं.

शेवटी पत्ता पक्का करून टाका

लाइट गेली, राऊटर परत सुरू झाला, की देणाऱ्याला कधीकधी नवा पत्ता मिळतो आणि तुमचा झेड ड्राइव्ह लाल फुली दाखवतो. राऊटरच्या पानावर डीएचसीपीच्या आसपास अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे देणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर, अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) टाकून त्याला एक ठरलेला पत्ता द्या. केबल आणि वायफाय दोन्हींचे मॅक वेगळे असतात, जे वापरता त्याचाच घ्या. मग तो पत्ता, शेअरचं नाव आणि युजरचं नाव एका चिठ्ठीवर लिहून देणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवा, पासवर्ड मात्र त्यावर नको, तो आमच्याकडे काकूच्या डायरीत आहे.